शॉवरचा जोर आणि टाकीची उंची

लहान बाथरूममध्ये शॉवर बसवताना ‘गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, मग जोर येणारच’ असे सर्रास गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात शॉवरला मिळणारा दाब ‘हेड’वर (टाकीतल्या पाण्याची पातळी आणि शॉवर यांमधले उभे अंतर) ठरतो. अरुंद डबा आणि रुंद पिंप सारख्याच उंचीपर्यंत भरून दोन्हींना तळाशी एकसारखे भोक पाडले, तर धार सारख्याच जोराने उडते. पाणी कशात जास्त आहे, याने फरक पडत नाही.

१० मीटर उंचीमागे साधारण १ बार (दाब मोजण्याचे एकक) दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर हे अंतर अनेकदा जेमतेम २ मीटर असते, म्हणजे ०.२ बार, पाइपातल्या घर्षणात त्यातलाही काही जातो. तिथे हौसेने रुंद ‘रेन शॉवर’ घेतला तर पैसे वाया जातात, कारण भोके जास्त आणि धारा आणखी मंद. त्यापेक्षा लहान तोंडाचा शॉवर, जाड व आखूड पाइप किंवा टाकीनंतर बसवलेला छोटा प्रेशर पंप घ्यावा. पंप थेट नगरपालिकेच्या नळाला मात्र कधीही जोडू नये. त्याच्या ओढीने गळक्या सांध्यांतून घाण पाणी आत येऊ शकते.

फरशा फोडण्याआधी टाकीतले पाणी आणि शॉवर यांमधले उभे अंतर टेपने मोजून घ्या.