तापणारें यंत्र आणि त्याचें अंतरंग

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे आपल्याकडे दोन प्रकारचीं माणसें आढळतात. एक म्हणतो, "द्या भंगारांत आणि आणा नवी." दुसरा पुढचामागचा विचार न करतां स्क्रूड्रायव्हर घेऊन ती उघडून बसतो. पहिल्याचे पैसे जातात व दुसऱ्याची वस्तु जाते. या दोहोंच्या मध्यें एक तिसरा मार्ग आहे. आधीं समजून घ्यावें, मग उघडावें, आणि जेथें आपला हात चालणार नाहीं तेथें थांबावें. हा मार्ग आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस एका उदाहरणानें दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. उदाहरण आहे तें गेमिंग लॅपटॉपचें.

छत्रपति संभाजीनगराहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळूज आहे. १९८५ सालीं येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला व त्याच्या आजूबाजूस कितीतरी लहानमोठे कारखाने उभे राहिले. बजाजनगर, रांजणगांव, जोगेश्वरी या वस्त्यांतून राहणाऱ्या अनेक कुटुंबांचें पोट या यंत्रांवर चालतें. अशाच एका कुटुंबांतील विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यांत आमच्याकडे आपला लॅपटॉप घेऊन आला. वडील एका कारखान्यांत फिटर. थोरल्या भावानें हप्त्यांनीं घेतलेलें तें यंत्र शिक्षण संपल्यावर धाकट्याकडे आलें होतें, व त्यावर तो यंत्रभागांचीं चित्रें काढावयास शिकत होता. परंतु काम रंगांत यावें आणि पंखा किंचाळूं लागून यंत्र एकाएकीं बंद पडावें, असें नित्याचें झालें. घरांत सर्वांनीं खेळास दोष दिला. एका दुकानदारानें तर न उघडतांच "मदरबोर्ड गेला" असा निकाल दिला, व दुरुस्तीचा आंकडा ऐकून घरांतील मंडळी गप्प झाली. वडील आम्हांस म्हणाले, "गुरुजी, मोटारसायकलचें इंजिन डोळे मिटून खोलीन, पण याला हात लावावयास जीव धजत नाहीं."

आम्हीं त्यांस सांगितलें, कीं तुम्हांस जें इंजिन ठाऊक आहे त्याचाच हा भाऊ आहे. मोटारसायकलच्या सिलिंडरभोंवतीं पातळ पात्यांच्या रांगा असतात. त्या शोभेसाठीं नसतात. धातूचा हवेशीं जितका अधिक पृष्ठभाग लागेल तितकी उष्णता लवकर निघून जाते, म्हणून त्या ठेवलेल्या असतात. लॅपटॉपच्या पोटांतहि तशींच, पण कागदासारखीं पातळ पातीं असतात. गाडीस धांवतांना वारा आपोआप मिळतो; लॅपटॉप एका जागीं बसून असतो, म्हणून त्याला पंख्याची जोड द्यावी लागते.

आतां हें यंत्र इतकें तापतें कां, तें पाहूं. साध्या लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बहुधा ४५ किंवा ६५ वॅट असें लिहिलेलें असतें. गेमिंग लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १८०, २४०, क्वचित् ३३० वॅटहि आढळतात. त्यांत मुख्य गणित करणारा प्रोसेसर व चित्रें रेखाटणारी ग्राफिक्सची चिप अशा दोन भुकेल्या चिपा असतात. त्यांनीं खाल्लेली वीज कोठेंहि नाहींशी होत नाहीं. तिची जवळजवळ सर्व उष्णताच होते. अंगठ्याच्या नखाएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या जागेंत शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता निर्माण होते, अशी कल्पना करावी. ही उष्णता बाहेर गेली नाहीं तर तापमान झपाट्यानें चढतें. तें ९५ ते १०० अंशांच्या सुमारास पोंचलें, कीं चिप आपण होऊन आपली गति कमी करते. तेवढ्यानेंहि न भागल्यास यंत्र स्वतः बंद पडतें. म्हणजे ज्यास आपण रोग समजतों तें पुष्कळदां यंत्रानें केलेलें आत्मरक्षण असतें. खेळ खेळला काय, चलच्चित्र जुळविलें काय, किंवा यंत्रभागाचें चित्र फिरवून पाहिलें काय, चिपेवरील भार सारखाच. तेव्हां केवळ खेळासच दोष देणें न्यायाचें नव्हे.

चिपेपासून पात्यांपर्यंत उष्णता नेण्याची युक्ति मोठी मनोरंजक आहे. चिपेवर तांब्याचा पत्रा टेकलेला असतो व त्यास चपट्या केलेल्या तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात. त्या नळ्या भरीव नसतात. त्यांतील हवा काढून घेऊन आंत अगदीं थोडें पाणी ठेवलेलें असतें व दोन्ही तोंडें बंद केलेलीं असतात. नळीचें एक टोंक तापलें कीं तेथील पाण्याची वाफ होते. ती वाफ थंड टोंकाकडे धांवते, तेथें पुन्हां पाणी बनते, आणि आंतील सच्छिद्र अस्तरांतून, दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें, तें पाणी गरम टोंकाकडे परत येतें. भाताच्या पातेल्यावरील झांकण आठवा. वाफ झांकणास लागते, पाणी होऊन ठिबकते, आणि झांकण मात्र चटका बसेल इतकें तापतें. कारण वाफेनें आपल्याबरोबर आणलेली उष्णता तेथें सोडलेली असते. एक ग्रॅम पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी पुरतात. पण त्याच पाण्याची १०० अंशांवर वाफ करावयास सुमारें ५४० कॅलरी लागतात. हा सुप्त उष्णतेचा धडा जे विद्यार्थी केवळ परीक्षेपुरता पाठ करतात, त्यांनीं तो आपल्या टेबलावर रोज घडतो हें ध्यानांत घ्यावें. अशा नळीच्या कल्पनेस अमेरिकेंत १९४४ सालीं एकस्व मिळालें होतें. पुढें १९६३ सालीं लॉस अॅलामॉस येथील प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं तिचा नव्यानें शोध लावला. अंतराळयानांसाठीं उपयोगीं पडलेली ही नळी आज आपल्या मांडीवरील यंत्रांत येऊन बसली आहे.

परंतु या सर्व युक्तीचा शेवट हवेवर अवलंबून आहे. पंखा आंत घेतो ती खोलींतीलच हवा. थंडींत ती २५ अंश असली व मे महिन्यांत ४० झाली, तर आंतील प्रत्येक भाग जवळजवळ तेवढ्याच १५ अंशांनीं अधिक तापतो. त्यांत आपल्याकडील काळ्या मातीची बारीक धूळ, रस्त्यावरील अवजड वाहनांनीं उडविलेला फुफाटा, आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खालचीं छिद्रें बुजविण्याची संवय, यांची भर पडली म्हणजे यंत्रानें श्वास तरी कोठून घ्यावा?

म्हणून यंत्र उघडावयाचें ठरलें. उघडण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, आंतील महत्त्वाच्या लेखनाची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. दुसरी, हमीपत्र वाचावें. मुदत शिल्लक असेल तर कंपनीच्या सेवाकेंद्राकडेच जाणें बरें. तिसरी, आपल्या यंत्राच्या नेमक्या मॉडेलची दुरुस्ति-पुस्तिका मिळवून वाचावी, कारण प्रत्येकाची रचना निराळी असते. नंतर यंत्र पूर्ण बंद करून अडॅप्टर काढावा. कोरड्या हवेंत आपल्या अंगावर स्थिर वीज सांचते. तिचा एक ठिपका आपणांस जाणवणारहि नाहीं, पण चिपेस घातक होऊं शकतो. यास्तव आधीं जमिनीशीं जोडलेल्या धातूच्या वस्तूस स्पर्श करावा, व नायलॉनचे कपडे टाळावे.

खालचे स्क्रू काढतांना ते एका वाटींत गोळा करूं नयेत. कागदावर यंत्राचा आराखडा काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागीं चिकटवून ठेवावा. त्यांची लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू आंखूड जागीं पिळला तर तो आंतील बोर्डांत घुसतो. झांकण लोखंडी पात्यानें उचकटूं नये. प्लॅस्टिकची पातळ चकती फटींत सरकवीत चारी बाजूंच्या खुंट्या एकामागून एक सोडवाव्या. झांकण निघतांच पहिलें काम बॅटरीची जोडणी काढण्याचें. तें झाल्यावांचून दुसऱ्या कशासहि हात लावूं नये.

येथें आमची एक चूक कबूल केली पाहिजे. पूर्वीं एकदां दुसरें यंत्र उघडतांना आम्हीं कळफलकाखालील दिव्यांची फितीसारखी तार घाईनें ओढली. तिच्या टोंकास केसाएवढी नाजूक कडी असते, ती आधीं उचलावी लागते, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. तार फाटली, व त्या कळफलकाचा उजेड कायमचा गेला. तेव्हांपासून "जोर लावावा लागत असेल तर कांहीं तरी राहिलें आहे" हा नियम आम्हीं कधीं मोडला नाहीं.

विद्यार्थ्याच्या यंत्राचें झांकण निघालें आणि सर्व उलगडा झाला. पंखा व पातीं यांच्या मध्यें धुळीचा असा घट्ट थर बसला होता, कीं जणू घोंगडीचा तुकडाच तेथें खोंचून ठेवला आहे. पंखा जिवाच्या आकांतानें फिरत होता, पण वारा पलीकडे जातच नव्हता. हा थर चिमट्यानें सोडवून काढला व राहिलेली धूळ मऊ कुंचल्यानें झाडली. फुंकणीनें हवा मारतांना पंखा बोटानें धरून ठेवावा. वाऱ्यानें तो बेफाम फिरल्यास त्याचें बेअरिंग बिघडूं शकतें.

पुढील काम अधिक जपून करावयाचें असतें. चिप व तांबें हीं डोळ्यांस सपाट दिसलीं तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म खांचा राहतात, आणि त्यांत अडकलेली हवा उष्णतेस वाट देत नाहीं. त्या भरून काढण्यासाठीं थर्मल पेस्ट लावतात. कांहीं वर्षांनीं ती वाळते. तांब्याच्या भागाजवळ स्क्रूंचे क्रमांक छापलेले असल्यास त्या क्रमानें, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा सैल करीत, तो भाग उचलावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलनें भिजविलेल्या मऊ फडक्यानें पुसून नव्या पेस्टचा पातळ थर चिपेवर सर्वत्र पसरेल इतकीच ती घ्यावी. बाजूच्या चिपांवरील मऊ पट्ट्या फाटूं देऊं नयेत. कांहीं महाग यंत्रांत पेस्टऐवजीं चांदीसारखा चकाकणारा द्रवरूप धातु असतो. त्यांतून वीज वाहते. एक थेंब भलत्या जागीं सांडला तर बोर्ड जळेल. तो दिसतांच झांकण परत लावून जाणत्याकडे जावें.

तांब्याचा भाग परत बसवितांना विद्यार्थी एकच स्क्रू पुरता पिळूं लागला. तोंच वडिलांनीं त्याचा हात धरला. "अरे, सिलिंडर हेडचे बोल्ट असे आवळतात काय? समोरासमोर, थोडे थोडे आवळ." आम्हीं बाजूस सरलों. पुढील सर्व स्क्रू वडिलांच्या देखरेखीखालीं आवळले गेले, व तें काम आमच्या हातून झालें असतें त्यापेक्षां अधिक चांगलें झालें.

यंत्र उघडें होतें तोंवर आम्हीं सुधारणेचाहि विचार केला. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्यें दोन वस्तु सहज बदलतां येतात: रॅम आणि एसएसडी. रॅम घेतांना तिची पिढी पहावी. डीडीआर ४ च्या खांचेंत डीडीआर ५ बसत नाहीं. सारख्या दोन पट्ट्या जोडीनें बसविल्यास काम अधिक वेगानें होतें. एसएसडी ही २२ मिलीमीटर रुंद व बहुधा ८० मिलीमीटर लांब पट्टी असून एका स्क्रूनें धरलेली असते. ग्राफिक्सची चिप मात्र बहुधा बोर्डावरच डकविलेली असते, म्हणून ती बदलून देतों असें कोणी सांगितल्यास पालकांनीं सावध असावें.

एका गोष्टीविषयीं मात्र आमचा आग्रह आहे. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती टोंचूं नये, दाबूं नये, व यंत्र चार्जिंगला लावूं नये. लिथियमची बॅटरी फाटल्यास पेट घेते, व ती आग विझविणें कठीण असतें. अशी बॅटरी जाणत्याकडून काढवून अधिकृत संकलन केंद्रांत द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं जुनीं यंत्रें गोळा करून त्यांवर योग्य प्रक्रिया होईल हें पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तसेंच केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानें डिसेंबर २०२२ मध्यें 'दुरुस्तीचा हक्क' या नांवाचें संकेतस्थळ उघडलें. आपली वस्तु दुरुस्त करून वापरण्याचा ग्राहकास हक्क आहे, हा विचार आतां मान्य होऊं लागला आहे.

विद्यार्थ्याचें यंत्र त्या संध्याकाळीं पुन्हां सुरू झालें. पूर्वीं शंभरास टेकणारें तापमान त्याच कामांत नव्वदीच्या बरेंच आंत राहिलें, आणि पंख्याचा आक्रोश थांबला. खर्च झाला तो पेस्टच्या नळीचा व अल्कोहोलच्या बाटलीचा. मदरबोर्ड शाबूत होता. गेलेली वस्तु एकच, ती म्हणजे धूळ.

पालकांस आमची विनंति इतकीच, कीं मुलगा यंत्र उघडूं पाहतो म्हणून त्याच्यावर रागावूं नका, त्याच्याजवळ बसा. तुमच्या हातांस जें ठाऊक आहे तें त्याच्या पुस्तकांत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनो, दरवर्षीं उन्हाळा लागण्यापूर्वीं आपल्या यंत्राचीं छिद्रें तपासा, तें गादीवर ठेवूं नका, आणि स्क्रूड्रायव्हर हातीं घेण्यापूर्वीं पुस्तिका हातीं घ्या. तो मुलगा आतां आपल्या वहींत प्रत्येक साफसफाईची तारीख लिहून ठेवतो. कारखान्यांत यंत्राच्या देखभालीची नोंद अशीच ठेवतात, हें त्यास वडिलांनीं सांगितलें.