नावं घेतली, नमस्कार राहिला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रस्त्यांवर लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी झाली, तेव्हा त्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियातून जारा वृक्षाचं लाकूड गेलं. 'जारा' हा शब्द नूंगार लोकांचा. पर्थ शहर आणि भोवतालचा सारा नैर्ऋत्य मुलूख ही त्यांची भूमी. 'कारी' हे दुसऱ्या उंच झाडाचं आणि 'क्वोका' हे एका छोट्या प्राण्याचं नावही इंग्रजीला त्यांच्याचकडून मिळालं. सिडनीकडच्या धारुग भाषेतून कोआला, डिंगो, वॉलबी, बूमरँग आले. 'कांगारू' १७७० साली टिपला गेला. ब्रिटिश दर्यावर्दी कुकचं जहाज दुरुस्तीसाठी ईशान्य किनाऱ्यावर अडकलं होतं आणि तिथले लोक गुगू यिमिधिर भाषा बोलत होते. यादी कितीही लांबवली तरी तिचं रूप फारसं बदलत नाही: प्राणी, झाडं, हत्यारं. १७८८मध्ये इंग्रजांची वसाहत झाली तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा होत्या. त्यांच्याकडून इंग्रजीने शेकडो नावं घेतली, नमस्कार घेतला नाही. हा योगायोग असावा असं मला वाटत नाही. वस्तूचं नाव वस्तूबरोबर उचलून नेता येतं, बोलणारा मागे राहिला तरी काही अडत नाही. नमस्कार करायचा तर समोरच्याचं तिथलं असणं आधी मान्य करावं लागतं.

या मांडणीला एक अपवाद आहे आणि तो दडवण्यात अर्थ नाही. रानात दूरच्या माणसाला घालायची 'कूई' ही हाळी सिडनी परिसरातल्या आदिवासींची. वसाहतवाल्यांनी ती उचलली. पण उचलून ती घातली कोणाला? मुख्यतः एकमेकांनाच. १९१५मध्ये पहिल्या महायुद्धासाठी वाटेत माणसं भरती करत एक जथा गिलगांड्राहून सिडनीला चालत गेला, तो 'कूई मार्च' म्हणूनच ओळखला जातो. तोवर ही हाळी गोऱ्या ऑस्ट्रेलियाची देशी खूण झाली होती. शब्द टिकला, पण ज्यांचा होता ते त्यातून गळाले. आज आदिवासी भाषांतल्या नमस्कारांच्या याद्या कौतुकाने वाटल्या जातात, तेव्हा ही हाळी आठवायला हवी.

आणखी एक आक्षेप भाषेच्या बाजूने येतो. यातल्या अनेक समाजांत 'हॅलो'सारखा उपचाराचा शब्द पूर्वी नव्हताच. परका माणूस वस्तीच्या कडेला थांबून बोलावण्याची वाट पाही, आणि ओळखीच्यांत नात्याची हाक पुरे होई. मग आजचे हे नमस्कार इंग्रजीच्या साच्यात ओतलेले नाहीत का? काही अंशी आहेत. नूंगारमधला 'काया' हा 'हो' म्हणतानाही वापरतात. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पिचांचाचारा भाषेत 'पाल्या' म्हणजे 'चांगलं'; भेटताना तेच आणि निरोप घेतानाही तेच. ॲडलेडच्या कौर्ना भाषेत 'नीना माणी' असा सरळ प्रश्नच विचारतात: बरं आहे ना? जुन्या शब्दांना नवं काम मिळालं, एवढंच इथे घडलं आहे. टेलिफोन आल्यावर मराठीने 'हॅलो' आख्खा उचलला, त्याने ती काही कमअस्सल झाली नाही; इथे तर शब्दही घरचेच आहेत. (जाता जाता: कौर्नातल्या या 'ण'साठी रोमन लिपीत 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लिहावे लागतात. पर्थ-ॲडलेडला स्थायिक झालेल्या मराठी माणसाला तो उच्चार शिकवावा लागणार नाही.)

सगळ्यांत जोरकस टीका वेगळीच आहे: हा सारा देखावा आहे. विमानतळावर, बँकेत, विद्यापीठाच्या फाटकावर 'काया' लिहिलं की सदसद्विवेक शांत होतो आणि बाकी काहीच हलत नाही. या टीकेत तथ्य आहे. आदिवासींच्या सल्लागार मंडळाला राज्यघटनेत स्थान द्यायचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२३च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतदारांनी फेटाळला, आणि बाजूने एकही राज्य उभं राहिलं नाही. तरीही नमस्काराला निव्वळ देखावा म्हणताना पर्थचा इतिहास आड येतो. १९२७ ते १९५४ या काळात या शहराचा मध्यभाग आदिवासींसाठी निषिद्ध क्षेत्र होता. परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नसे. ती बंदी उठल्यानंतर जेमतेम २२ वर्षांनी, १९७६मध्ये, पर्थच्या कला महोत्सवात आलेले माओरी आणि कुक बेटांवरचे कलावंत स्थानिकांनी स्वागत केल्याशिवाय कार्यक्रम करायला कचरले. तेव्हा रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो या आदिवासी कलावंतांनी जे स्वागत केलं, तिथून आजची जाहीर स्वागताची प्रथा सुरू झाली असं मानतात. ज्यांना शहरात शिरायला परवाना लागत होता, ते यजमान म्हणून उभे राहिले. यजमानपण मान्य होणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. २०१६मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळाने नूंगार लोकांना या भूमीचे परंपरागत मालक मानणारा कायदा केला, त्याच्या शीर्षकातच भूत, वर्तमान आणि भविष्य यांसाठीचे तीन नूंगार शब्द आहेत.

तेव्हा 'काया' कुठे लिहिलं आहे यापेक्षा ते कोणाच्या संमतीने लिहिलं आणि त्यापुढे काय बोललं जातं, हे तपासावं. याबाबत कौर्नाचं उदाहरण बोलकं आहे. टायकेलमान आणि श्यूरमान या जर्मन मिशनऱ्यांनी १८४०मध्ये तिचं व्याकरण आणि सुमारे दोन हजार शब्द छापले. शेवटची बोलणारी मानली गेलेली इवारिची १९२९मध्ये वारली. १९९०च्या दशकात कौर्ना कुटुंबांनी आणि भाषाशास्त्रज्ञ रॉब ॲमरी यांनी त्या पुस्तकाच्या आधारे भाषा पुन्हा उभी करायला घेतली. आज एखाद्या बागेला किंवा इमारतीला कौर्ना नाव हवं असेल तर त्यांच्या 'कौर्ना वारा पिंट्यांती' या संस्थेकडे विचारणा जाते. शब्द मागावा लागतो, हाच मोठा फरक. नूंगारची गोष्ट वेगळी, कारण ती घरांतून पुरती कधी गेली नाही. २०२०च्या पर्थ महोत्सवात कायली ब्रॅकनेल यांनी 'मॅकबेथ'चं रूपांतर 'हेकट' या नावाने अथपासून इतिपर्यंत नूंगारमध्ये रंगमंचावर आणलं. पुढच्या वर्षी ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' नूंगारमध्ये बोलू लागला. अशा कामाला लागणारी क्रियापदं, धमक्या, आर्जवं स्वागतफलकावर सापडत नाहीत. ती ज्यांनी भाषा घरात जपली त्या वडीलधाऱ्यांकडे जाऊनच घ्यावी लागतात.