छातीत गेलेली किरणोत्सारी धूळ कशी मोजतात

श्वासावाटे किरणोत्सारी धूळ शरीरात गेली, की ती बाहेर काढून तोलता येत नाही. शरीराबाहेर पडणारे किरण आणि लघवी-शौचातून उतरणारा अंश, एवढ्यावरूनच आतला साठा ठरवावा लागतो.

गॅमा किरण शरीर भेदून बाहेर येतात. त्यामुळे सिझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० असेल तर ‘होल बॉडी काउंटर’ पुरतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यासाठी जाड पोलादी खोली आहे. भिंती आणि आकाशातून येणारे किरण तिथे बहुतांशी अडतात. तपासणीआधी अंघोळ करून कपडे बदलणे आवश्यक असते, नाहीतर केसांवरची धूळही फुप्फुसातली म्हणून मोजली जाते. ज्याने अणुभट्टी कधी पाहिलीही नाही, अशा इंदापूरच्या डाळिंब बागायतदाराला किंवा बारामतीच्या शिक्षकाला आत बसवले, तरी आलेखावर १४६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी एक टोक उमटेलच. ते अन्नातून आलेल्या पोटॅशियम-४० चे. सत्तर किलोच्या माणसात त्याची सेकंदाला चार हजारांच्या आसपास विघटने होतात आणि ती अगदी नैसर्गिक असतात.

खरी कसोटी प्लुटोनियमची. त्याचे अल्फा कण उतीतच अडकतात आणि क्षीण क्ष-किरण छातीच्या मांसातच बरेचसे विरतात. म्हणून छातीच्या भिंतीची जाडी अल्ट्रासाउंडने पाहून हिशेब दुरुस्त करतात, किंवा सोबतच्या अमेरिशियम-२४१ चे ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण शोधतात. अशा वेळी लघवीचा नमुनाच अधिक भरवशाचा. ट्रिटियमला तर दुसरा मार्गच नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा अणुवीजकेंद्रात पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम मिसळले गेले, ते कामगारांच्या नेहमीच्या लघवी तपासणीतच उघड झाले. तिथे वाट श्वासाची नव्हती. मोजणी मात्र हीच.

श्वासाच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची. जाड कण नाक-घशात अडकतात, गिळले जातात आणि काही दिवसांत शौचावाटे निघून जातात. बारीक कण फुप्फुसात खोल रुतून वर्षानुवर्षे राहू शकतात. त्यामुळे नाकातला बोळा लगेच घ्यायचा आणि पहिल्या दिवसाच्या आकड्यावर विसंबायचे नाही. पुढचे नमुने ओळीने घेऊन, श्वासाची तारीख धरून, मूळ मात्रा उलट्या हिशेबाने काढतात. तारीखच चुकली तर उत्तर कित्येक पटींनी चुकू शकते. त्या मात्रेवरून पुढच्या ५० वर्षांत मिळणारा डोस काढतात आणि तो त्याच वर्षाच्या खात्यात धरतात; भारतात कामगारासाठी वर्षाची मर्यादा ३० मिलिसिव्हर्ट आहे.

प्लुटोनियमवर डीटीपीएचे औषध दिले, की ते लघवीतून जास्त वेगाने उतरते. म्हणून औषधानंतरचे आकडे नेहमीच्या सूत्रात तसेच बसवता येत नाहीत, आणि औषधाआधीचा एक नमुना हाताशी असणे मोलाचे ठरते. मात्र त्यासाठी उपचार लांबवत नाहीत.