संगणक मंदावला, तर आधी काय पाहावे?

संगणक मंदावला की तो जुना झाला, असे पुष्कळ घरी समजतात व कष्टाचे पैसे खर्चून नवी मेमरी आणतात. तत्पूर्वी आहे ती मेमरी कोण अडवून बसले आहे, हे अवश्य पाहावे. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे व्हावयाचे.

विंडोजच्या मीडिया प्लेअरची ११ वी आवृत्ती २००६ साली आली. तिची 'नेटवर्क शेअरिंग सर्व्हिस' नावाची एक सेवा आहे. संगणकातील गाणी, छायाचित्रे व चित्रफिती घरातील टीव्हीला वा दुसऱ्या संगणकाला पुरविणे, हे तिचे काम. ती पडद्यामागे चालते. प्लेअर बंद केला तरी ती थांबत नाही. संग्रह फार मोठा असला, तर त्याची यादी करताना ती कधी कधी बरीच मेमरी व्यापते.

परीक्षा सोपी आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'मेमरी' या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केले की सर्वांत अधिक मेमरी घेणाऱ्याचे नाव वर येते. ते या सेवेचे असेल, तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस' यादीत तिचे नाव शोधून 'स्टॉप' करावे, आणि ती पुन्हा आपोआप सुरू होऊ नये म्हणून 'स्टार्टअप टाइप'पुढे 'डिसेबल्ड' निवडावे.

याने एकही गाणे वा छायाचित्र पुसले जात नाही; केवळ इतर यंत्रांना होणारा पुरवठा थांबतो. नाव दुसऱ्याच कोणाचे निघाले, तर मात्र या सेवेला हात लावू नये. आधी निदान, मग औषध, हेच बरे.