सरासरीच्या पडद्याआड

एखाद्या पेठेत दहा दुकाने आहेत असे समजा. नऊ दुकानांची रोजची विक्री प्रत्येकी २,००० रुपये, दहाव्याची ८२,००० रुपये. सरासरी निघते १०,००० रुपये! हिशेबात चूक नाही. परंतु इतकी विक्री असलेले दुकान त्या पेठेत एकही नाही. या सरासरीवरून कर्जाचा हप्ता ठरविला, तर नऊ दुकानदार गाळात जातील. विक्रीच्या क्रमाने मधोमध येणारा आकडा, म्हणजे मध्यक, २,००० रुपयेच आहे आणि पेठेची खरी स्थिती तोच सांगतो.

पाठ्यपुस्तकातील घंटेच्या आकाराचा वक्र माणसांच्या उंचीला शोभतो, व्यापाराला नव्हे. विक्री शून्याखाली जात नाही, वर मात्र तिला मर्यादा नाही. शिवाय वाढ बहुधा टक्केवारीने होते. दहा टक्क्यांनी लहान दुकानात २०० रुपयांची भर पडते, मोठ्यात ८,२०० रुपयांची. अशी वाढ साचत गेली की आकड्यांचे वितरण एका बाजूस झुकते. फ्रान्समधील रॉबेर जिब्रा यांनी १९३१ साली हेच तत्त्व मांडले. मूळ आकड्यांऐवजी त्यांचे लॉगॅरिथम घेतले, तर पुष्कळदा तीच परिचित घंटा पुन्हा दिसते. म्हणून या वितरणास लॉग-नॉर्मल म्हणतात. अगदी वरच्या टोकाला मात्र तेही अपुरे पडते. तेथे इटलीचे अर्थशास्त्रज्ञ पारेटो यांचे वितरण अनेकदा अधिक जुळते.

पुण्याला ही दृष्टी परकी नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांचा दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दरडोई सरासरीवर न थांबता त्यांनी खर्चाची विभागणी तपासली. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक किमान गरजाही भागवू शकत नव्हते, हे त्यातून पुढे आले. निव्वळ सरासरीने ही माणसे झाकली असती.

वितरणाचे सूत्र म्हणजे सत्य नव्हे. ते आकड्यांशी ताडून पाहावेच लागते. परंतु कर, कर्ज वा वेतन यांचे निर्णय घेताना सरासरीबरोबर मध्यकही मांडावा, एवढी अपेक्षा तरी अवाजवी नाही. वाणिज्य शाखेच्या वर्गातही घंटेइतकेच महत्त्व शेपटीला मिळावयास हवे. कारण सरासरीवर योजना आखता येते. सरासरीवर कोणाचे घर चालत नाही.