वाळूचे निदान

डॉक्टरांच्या स्मरणिकेत वाळूवर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. मूतखडे आणि पित्ताशयातले खडे यांच्याशी आपला नित्याचा परिचय. वाळूशी मात्र घराचे बांधकाम काढल्याखेरीज सहसा संबंध येत नाही. गेली काही वर्षे मी सचिनच्या घरी सहा फूट लांबीची समुद्री टाकी सांभाळतो आहे. येणारे स्नेही माशांची नावे विचारतात, किमती विचारतात, विजेचे बिल किती येते तेही विचारतात. तळाच्या वाळूविषयी सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः टाकीचे भवितव्य बरेचसे तिथेच ठरते. मूतखडा हाती आला की तो कशाचा बनला आहे हे आपण आधी पाहतो आणि मग पथ्य सांगतो. वाळूच्या बाबतीतही तोच क्रम योग्य आहे.

दारची वाळू

सचिन आणि समुद्र यांचे नाते जुने आहे. १७९१ मध्ये पेशव्यांशी झालेल्या करारानुसार सिद्दी घराण्यातील अब्दुल करीम खान ऊर्फ बाळू मियाँ यांनी जंजिऱ्यावरील हक्क सोडला आणि त्या बदल्यात त्यांना सचिनचा मुलूख मिळाला. कोकणातील एका जलदुर्गाशी आपल्या गावाचा इतिहास असा जोडलेला आहे. पुढे सचिनच्या नबाबांनी हवापालटासाठी डुमस जवळ केले. आज आपण रविवारी भजी खायला जातो तेच हे डुमस, येथून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर.

साहजिकच नवशिक्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो डुमसची वाळू फुकट मिळत असताना विकतची कशाला, हा. त्याचे उत्तर एका चुंबकात आहे. डुमसची मूठभर वाळू वाळवून कागदावर पसरावी आणि खालून चुंबक फिरवावे. काळे कण मुंग्यांच्या रांगेसारखे हलू लागतात. दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन नद्यांबरोबर समुद्राला मिळालेले हे लोहयुक्त कण आहेत. समुद्री टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपांत चुंबक असतो, काच पुसण्याच्या साधनातही चुंबक असतो. हे कण नेमके तिथे जाऊन चिकटतात. पंप घासला जातो आणि काचेवर कायमचे ओरखडे उमटतात. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या व काळबादेवी येथील किनाऱ्यांवरही इल्मेनाइटसारखी जड काळी खनिजे आहेत. तेव्हा गावाहून येताना तिकडची वाळू भरून आणण्याचा मोहही आवरावा.

दुसरे कारण आपल्या परिसराला अधिक लागू आहे. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिन जी.आय.डी.सी.त टँकरमधील रसायन नाल्यात सोडले जात असताना विषारी वायूने सहा कामगारांचा बळी घेतला. आपल्या नाल्या-खाड्यांतून काय वाहू शकते, हे येथील डॉक्टरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. प्रवाळासारख्या नाजूक जीवाला तांब्याची अत्यल्प मात्राही सोसत नाही. अशा जीवांच्या अंथरुणासाठी औद्योगिक पट्ट्याच्या किनाऱ्यावरची वाळू घेणे म्हणजे तपासणीविना रक्त चढवण्यासारखे आहे.

तिसरे कारण कायद्याचे. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून अस्तित्वात आहेत आणि त्यांत किनाऱ्यावरील वाळूच्या उपशाला मनाई आहे. एका पिशवीने काय होते, असा युक्तिवाद केला जातो. पण माझ्या टाकीला ऐंशी किलो वाळू लागली. ती पिशवीत मावत नाही.

पांढऱ्या वाळूची कुळकथा

प्रवाळ-टाकीसाठी वापरतात ती वाळू बहुधा अ‍ॅरॅगोनाइटची असते. अ‍ॅरॅगोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे एक स्फटिकरूप. मोत्याची झळाळी याच खनिजाच्या पातळ थरांमुळे येते. उष्ण समुद्रातील पुष्कळशी पांढरी वाळू खडकापासून होत नाही, ती जीवांपासून होते: शिंपल्यांचे तुकडे, चुनखडीयुक्त शैवाले, फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचे आणि पोपटमाशाने चावून, दळून विष्ठेवाटे टाकलेले प्रवाळ. मालदीवच्या ज्या शुभ्र किनाऱ्यांवर नवदांपत्ये छायाचित्रे काढून घेतात, त्यांचा मोठा हिस्सा या माशाच्या आतड्यातून गेलेला असतो!

ओळख पटवण्याची चाचणी सोपी आहे. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकावे. फेस आला तर कार्बोनेट, न आला तर बहुधा सिलिका. आपल्याकडे बांधकामाला लागणारी नर्मदेची रेती प्रामुख्याने दुसऱ्या वर्गातली. सिलिकामुळे टाकीत तपकिरी शेवाळ माजते अशी समजूत आहे. पण क्वार्ट्ज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ही भीती अतिशयोक्त वाटते. त्याचप्रमाणे अ‍ॅरॅगोनाइटची वाळू घातली की कॅल्शियमची चिंता मिटली, ही उलट बाजूची समजूतही खरी नव्हे. टाकीच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो आणि त्या पाण्यात ही वाळू फारशी विरघळत नाही. थराच्या आत, जिथे जिवाणूंमुळे आम्लता वाढते, तिथेच काय ती थोडी झिजते. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी नियमित मोजावीच लागते.

तरीही निवडताना एक प्रश्न उरतो: ही वाळू कुठून आली? कच्छच्या आखातातून एके काळी सिमेंटसाठी प्रवाळयुक्त वाळू उपसली जात असे. तिथे १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व भित्ती-निर्माते प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे समाविष्ट झाले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मालवण, द्वारका किंवा रामेश्वरहून आणलेला पांढरा फांदीदार तुकडा आपल्यापैकी अनेकांच्या शोकेसमध्ये असेल. तो मृत असला तरी परवान्याविना बाळगणे या कायद्याच्या कक्षेत येते. ही गोष्ट आपल्या मंडळींना ठाऊक असावी, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

म्हणूनच माझ्या टाकीत टणक प्रवाळ नाहीत. लेदर आणि मशरूम जातीचे मऊ प्रवाळ आहेत. खडक कृत्रिम आहेत. वाळू बहामा बेटांजवळच्या उथळ समुद्रातील आहे. तिथे कोमट पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट कणाकणांभोवती साचत जाते आणि वाळू तयार होते. त्यासाठी प्रवाळभित्ती फोडावी लागत नाही. विक्रेत्याकडून मी पक्के बिल आणि मूळस्थान लिहून घेतले. भाव थोडा अधिक पडला, परंतु तो मला योग्य वाटला.

कण आणि खोली

कण पिठासारखा बारीक असेल तर पंपाच्या प्रवाहाने उडतो आणि प्रवाळांवर बसून त्यांना गुदमरवतो. तीन मिलिमीटरहून जाड असेल तर फटींत अन्न आणि विष्ठा साचून कुजतात. साधारण एक ते दोन मिलिमीटरचा कण मला मध्यम प्रवाहासाठी सोयीचा आढळला. रात्री वाळूत शिरून झोपणारे रास मासे ज्यांना पाळायचे आहेत, त्यांनी कण याहून बारीक आणि थर जाड ठेवावा.

खोलीविषयी दोन संप्रदाय आहेत. मोनॅकोचे शास्त्रज्ञ ज्याँ ज्योबेर यांनी जाड थराची पद्धत रूढ केली. वरच्या थरातील जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्रेट करतात. खालच्या, प्राणवायू नसलेल्या थरातील दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू बनवतात. यकृत आणि मूत्रपिंड एकाच अंथरुणात, असे म्हणायला हरकत नाही. तथापि या थराला प्राणवायू पुष्कळ लागतो आणि वीज गेली की तो टाकीतलाच वापरला जातो. शिवाय असा थर अचानक उकरला गेला, तर कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू मोकळा होऊन मासे दगावू शकतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात वीज गेली की काय होते, याचा विचार करून मी चार सेंटिमीटरचा, म्हणजे दीड इंचाचा थर पसंत केला. हिशेब असा: टाकीचा तळ १८० बाय ७५ सेंटिमीटर, चार सेंटिमीटर उंचीने ५४ लिटर वाळू, लिटरला सुमारे १.४ किलो धरून ७५ किलो. म्हणून वीस किलोच्या चार पिशव्या घेतल्या. बारा सेंटिमीटरचा थर केला असता तर सव्वादोनशे किलो लागले असते. पाणी, काच, खडक आणि वाळू मिळून अशा टाकीचे वजन टनाच्या घरात जाते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

धुणे आणि मांडणे

कोरडी वाळू धुतल्याशिवाय टाकीत घालू नये. बादलीचा पाव भाग वाळूने भरावा, पाण्याचा जोरदार फवारा सोडून हाताने ढवळावे आणि दुधासारखे पाणी ओतून द्यावे. एका घाण्याला दहा-बारा पाणी लागतात. पाणी अगदी नितळ होण्याची वाट पाहू नये. बादलीचा तळ दिसू लागला की पुरे. शेवटचे दोन हात आर.ओ.च्या पाण्याने द्यावेत, म्हणजे नळाचे क्लोरिन आणि बोअरचे क्षार मागे राहणार नाहीत. ऐंशी किलोसाठी मला तीन रविवार लागले. धुवण मोरीत ओतू नये, नळी तुंबते. ओलसर पिशवीतून मिळणारी ‘जिवंत’ वाळू मात्र धुवायची नसते. तिच्यातले जिवाणू हेच तिचे मोल आहे.

मांडणीत आधी खडक आणि मग वाळू हा क्रम पाळावा. खडक तळाच्या काचेवर टेकलेले असले म्हणजे बिळे करणाऱ्या माशांनी वाळू उपसली तरी ते कोसळत नाहीत. वाळू पसरून तिच्यावर एक थाळी ठेवावी आणि मिठाचे पाणी त्या थाळीवर संथ धारेने सोडावे. पहिले दोन-तीन दिवस पाणी धुक्यासारखे राहते, घाबरू नये. खात्रीच्या जुन्या टाकीतील वाटीभर वाळू विरजणासारखी घातली, तर जिवाणूंची वाढ लवकर सुरू होते.

त्यानंतरचे काम वाट पाहण्याचे. अमोनिया वाढतो आणि उतरतो, मग नायट्राइट वाढते आणि उतरते. या चक्राला चार ते सहा आठवडे लागतात. दोन्हींचे मोजमाप शून्यावर येईपर्यंत मासा आणू नये. घरातील मुले रोज विचारतात, शेजारी रिकाम्या टाकीला हसतात. तरीही ताप उतरला म्हणून प्रतिजैविकाचा कोर्स मध्येच सोडू नका असे आपण रुग्णाला बजावतो, त्याच निग्रहाने येथे थांबावे. पुढे दर पंधरवड्याला पाणी बदलताना वाळूचा चौथा भाग नळीने साफ करावा. सगळी एकदम साफ केल्यास जिवाणूंची वस्ती विस्कटते.

डॉक्टरांसाठी दोन शब्द

वाळू साफ करताना बोटांना बारीक जखमा होतात. मायकोबॅक्टेरियम मरायनम या जिवाणूला तेवढी वाट पुरते. १९२६ मध्ये अ‍ॅरॉन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत तो शोधला. काही आठवड्यांनी हातावर न दुखणारी गाठ येते आणि तिच्यामागून रसवाहिनीच्या मार्गाने आणखी गाठी उमटतात. असा एक तरुण माझ्याकडे आला होता. अन्यत्र त्याच्यावर त्वचेच्या क्षयाचे उपचार सुरू झाले होते. घरी माशांची टाकी आहे का, या एका प्रश्नाने दिशा बदलली. हा जिवाणू ३० ते ३२ अंशांवर चांगला वाढतो, ३७ अंशांवर कल्चर निगेटिव्ह येऊ शकते; म्हणून प्रयोगशाळेला शंका आधी कळवावी लागते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल यांनी काही महिन्यांत तो बरा झाला. टाकीत हात घालताना लांब हातमोजे घालावेत, जखम असल्यास घालूच नये.

दुसरी गोष्ट धुळीची. कोणतीही कोरडी वाळू उघड्यावर, मास्क लावून आणि आधी भिजवूनच हाताळावी. सिलिकाची असेल तर अधिकच काळजी घ्यावी. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत ही धूळ काय करते, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अभ्यासले आहे. गोध्रा परिसरातील क्वार्ट्जच्या कारखान्यांत काम करून सिलिकोसिसने दगावलेल्या आदिवासी मजुरांच्या वारसांना भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. आपला संपर्क छंदापुरता आणि काही तासांचा. त्यांचा पोटासाठी आणि रोजचा. ओ.पी.डी.त दम लागलेला मजूर समोर बसला की त्याच्या कामाची चौकशी करायला हे निमित्तही पुरेसे आहे.

ज्या वाचकांना हा छंद सुरू करायचा आहे, त्यांनी मासा निवडण्याआधी दुकानदाराला वाळूविषयी तीन प्रश्न विचारावेत: कशाची आहे, कण किती मिलिमीटरचा आहे आणि आली कुठून. तिन्हींची उत्तरे मिळाली तरच पैसे मोजावेत. आणि धुण्यासाठी तीन रविवार मोकळे ठेवावेत.