चाक जागेवर राहिलं पाहिजे

जीपचा मागचा एक्सल बदलायचा म्हणून जो कोणी माझ्या गॅरेजात येतो, तो एकच विचारतो, "मिस्त्री, सगळ्यात दणकट कोणता?" मी त्याला उलट विचारतो, "शाफ्ट तुटला तर चाकाचं काय होणार?" यावर बहुतेक जण गप्प होतात, कारण तुटण्याचा विचार करून कोणी गाडी बांधायला घेत नाही. मला मात्र तोच विचार पहिला वाटतो. आमचा पारनेर तालुका पठाराचा. वर मुरूम, खाली काळा पाषाण, ओढ्यात गोटे आणि पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल. निघोजला कुकडीच्या पात्रातले कुंड पाहिलेत ना? वाहत्या पाण्याने गोटे फिरवून फिरवून तो कातळ कोरला, पण त्याला किती काळ लागला असेल! असल्या दगडाशी गाडी रोज झुंजणार असेल तर कधी ना कधी काहीतरी तुटणारच. काय तुटावं आणि तुटल्यावर माणूस सुखरूप राहावा, एवढं आपल्या हातात असतं.

मागच्या एक्सलच्या मुख्य दोन जाती. सेमी-फ्लोटिंग आणि फुल-फ्लोटिंग. सेमी-फ्लोटिंगमध्ये चाक थेट शाफ्टच्या टोकाला बसतं. म्हणजे तोच शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो बाहेरच्या बाजूला तुटला तर चाक ड्रमसकट बाहेर निघू शकतं. फुल-फ्लोटिंगची रचना बैलगाडीच्या आखासारखी असते. वजन न फिरणाऱ्या नळीवर, आणि हब त्या नळीवर दोन टेपर बेअरिंगांवर फिरतो. शाफ्ट मधून आरपार जातो आणि त्याचं काम फक्त पीळ पोचवण्याचं. शाफ्टचे दोन तुकडे झाले तरी चाक हलत नाही. चाकाच्या मधोमध असलेले बोल्ट काढायचे, तुटका शाफ्ट ओढून घ्यायचा, पुढच्या चाकांच्या जोरावर घरी यायचं. आतला तुकडा मात्र आधी काढावा लागतो, नाहीतर तो क्राऊन गिअरमध्ये फिरून सगळ्याची वाट लावतो.

कुठल्याही मोठ्या ट्रकच्या मागच्या चाकाकडे बघा. हब बाहेर आलेला दिसेल आणि त्यावर बोल्टांचं कडं. ही फुल-फ्लोटिंगची खूण. भंगारात एक्सल बघायला गेलात की सगळ्यात आधी हे बघा. विकणारा काय सांगतो ते नंतर ऐका.

दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलीज जीपचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंगच होता. युद्ध संपलं, १९४५ मध्ये तीच गाडी शेतकऱ्यासाठी म्हणून सीजे-२ए नावाने बाजारात आली, आणि सुरुवातीच्या गाड्या वगळल्या तर पुढे तिला सेमी-फ्लोटिंग एक्सल बसू लागला. स्वस्त पडतो, सुटे भाग कमी लागतात, आणि साध्या वापराला तो पुरतोही. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जोडायला सुरुवात केली आणि तेच घराणं पुढे आपल्या खेडोपाडी आलं. जुन्या जीपवाल्यांच्या तोंडी ‘डाना ४४’ हे नाव असतं ते याच घराण्यातलं. त्याच्या क्राऊनचा व्यास साडेआठ इंच. एक्सल चांगला आहे, पण डाना ४४ म्हटलं की सगळे सारखे असं समजू नका. जुन्यात शाफ्टचं टोक निमुळतं आणि त्यावर चावी मारून हब बसवलेला असतो, नंतरच्यात शाफ्ट जाड आणि त्याच्या टोकावरच्या आट्या (स्प्लाइन) जास्त. नुसतं नाव ऐकून पैसे देऊ नका. शाफ्ट बाहेर काढून व्हर्नियर लावा. शाफ्टची जाडी दहा टक्क्यांनी वाढली तर पिळाची ताकद सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते, कारण ती व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. तेवढ्या दोन-तीन मिलिमीटरसाठी मी भांडतो.

आता थोडा हिशेब. टाकळी ढोकेश्वरकडचा एक पोरगा जुनी जीप घेऊन आला होता. त्याला तेहतीस इंची टायर टाकायचे होते आणि एक्सल "इंजिनाच्या मानाने" हवा होता. त्याला फळ्यावर मांडून दाखवलं. इंजिनाचा टॉर्क १२० न्यूटन-मीटर धरू. पहिला गिअर ४ पट, लो रेंज अडीच पट, क्राऊन-पिनियन ५ पट. गुणाकार ६,००० न्यूटन-मीटर. खडी चढण असली आणि पुढची चाकं हलकी झाली की यातला बहुतेक जोर मागे येतो. पण तो सगळा शाफ्टपर्यंत पोचत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. म्हणजे शाफ्टवर किती पीळ येणार हे ठरवतात वजन आणि टायर. चढणीवर मागे १,२०० किलो भार आहे, एक चाक हवेत आहे आणि डिफरन्शियल लॉक आहे, असा वाईटातला वाईट प्रसंग घ्या. कोरड्या कातळावर पकड ०.८ धरली तर अठ्ठावीस इंची टायरला एका शाफ्टवर सुमारे ३,३०० न्यूटन-मीटर येतात. तेहतीस इंचीला जवळजवळ ४,०००. इंजिन तेच, गाडी तीच, फक्त टायर मोठा केला.

पोरगा म्हणाला, "म्हणजे टायर ठरल्याशिवाय एक्सल ठरत नाही?"

"नाही ठरत. आणि गाडीत काय काय लादणार तेही आधी सांग."

मोठ्या टायरचा आणखी एक परिणाम असतो. गाडी ‘लांब’ पडते. ४.२७ चा क्राऊन-पिनियन अठ्ठावीसवरून तेहतीस इंचावर गेला की ३.६ सारखा वागतो, चढणीला गाडी दम टाकते आणि क्लच जळतो. मग लोक ५.३८ शोधतात. त्यात क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात असतात. क्राऊनच्या त्याच घरात पिनियन बारीक होतो आणि बारीक पिनियन मार कमी सोसतो. म्हणून मोठे टायर आणि खोल रेशो दोन्ही हवे असतील तर क्राऊनचं घरच मोठं घ्यावं लागतं. पण मोठ्या घराचा गोळाही मोठा, आणि तोच दगडाला आधी लागतो. कमानी उंच करून बॉडी वर जाते, एक्सलचा गोळा वर जात नाही. तो फक्त टायरने वर जातो. सारासार विचार करता, शेतावर नि डोंगरात जाणाऱ्या हलक्या जीपला ट्रकचा एक्सल घालणं मला पटत नाही. जड एक्सल प्रत्येक खड्ड्यात कमानींना आणि चेसिसला हाणतो.

लॉकबद्दल शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. ट्रॅक्टर रुतला की टाचेखालचं पेडल दाबायचं आणि दोन्ही मोठी चाकं एकत्र फिरवायची, हे तो रोज करतो. जीपला लॉक बसवला की हाच फायदा मिळतो, पण वर सांगितल्याप्रमाणे सगळा पीळ एका शाफ्टवर यायची वेळही येते. आधी शाफ्ट, मग लॉक, हा क्रम मी कोणासाठी बदलत नाही. काही जण डिफरन्शियलच्या आतले दात वेल्डिंगने एकमेकांना जाम करतात. चिखलात ते चालतं. डांबरी रस्त्यावर वळताना आतलं चाक घासत जातं आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटते. सुप्याहून नगरकडे पावसात येणाऱ्या गाडीला मी ते करून देणार नाही.

जुना एक्सल निवडताना मी त्याचं पोट उघडल्याशिवाय बोलत नाही. ऑईल पांढऱ्या भांड्यात सोडतो. बारीक राखाडी चिकटा असेल तर ती झीज, तिचं काही वाटत नाही. टिकल्यासारखे चकाकणारे तुकडे असतील तर दात किंवा बेअरिंग गेलंय. ऑईल दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय. मग शाफ्ट ओढून आट्यांवर डोळा लावतो. त्या सरळ रेषेत हव्यात. किंचित जरी पिळल्यासारख्या तिरप्या दिसल्या तरी तो शाफ्ट कधीतरी मर्यादेपलीकडे गेलेला असतो, बाहेरून कितीही धडधाकट दिसो. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते, दोघांवर सारखा नंबर असतो. नंबर वेगळे दिसले की मी तो एक्सल खाली ठेवतो. शेवटी नळी सरळ आहे का ते लेथवर बघून घेतो. एकाच बाजूचं ऑईल सील वारंवार गळतं, एकाच बाजूचं बेअरिंग जातं, अशा तक्रारीमागे बऱ्याचदा वाकलेली नळी असते, आणि नवी बेअरिंगं घालून ती सरळ होत नाही.

दुसऱ्या गाडीचा एक्सल आणताना रुंदी, कमानींच्या बैठकीतलं अंतर, ब्रेक आणि चाकाचे बोल्ट ही मापं जुळवायची असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एक गोष्ट सुटते. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधून मागचा प्रोपेलर शाफ्ट मध्यातून न निघता बाजूने निघतो, म्हणून तिच्या मागच्या एक्सलचा गोळाही बाजूला असतो. मधोमध गोळा असलेला एक्सल बसवला की शाफ्ट तिरका चालतो आणि सांध्याचा क्रॉस लवकर खातो. जीपचा शाफ्ट आधीच आखूड, त्याला तो तिरपेपणा झेपत नाही.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. एमएच-१६ ची पाटी लावून रस्त्यावर फिरणारी गाडी असेल तर हात लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. विमा कंपनी अपघातानंतर आरटीओच्या परवानगीचाच कागद मागते. आपल्याच जिल्ह्यात नगरजवळ डीआरडीओची व्हीआरडीई आहे, लष्कराच्या गाड्या तिथल्या ट्रॅकवर तपासल्या जातात. सैन्याची गाडीसुद्धा तपासणीशिवाय जात नाही, मग आपण घरी जोडलेल्या गाडीत बायको-पोरांना बसवून घाटात उतरायचं ते कशाच्या भरवशावर?

एक्सल बसला की पहिलं काम ब्रीदरचं, म्हणजे एक्सलमधली हवा जाण्या-येण्याच्या भोकाचं. चढणीवरून तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि जिथून जमेल तिथून पाणी आत ओढते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चेसिसच्या वर नेऊन बांधा, खर्च किरकोळ आहे. ऑईल हायपॉइड गिअरचंच घाला, डब्यावर जीएल-५ लिहिलेलं असतं. नव्या जुळवलेल्या क्राऊन-पिनियनला सुरुवातीला ओझं ओढायला लावू नका, थोडं चालवा, थांबा, गोळ्याला हात लावून बघा. हात ठेवता येत नाही इतका तापत असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय, गाडी परत आणा. पाचशे किलोमीटरनंतर ते ऑईल काढून टाका, प्लग पुसा, हबचे आणि यू-बोल्टचे नट पुन्हा आवळा आणि मगच कान्हूर पठाराचा रस्ता धरा.